एक शब्द सोडून

दार नीट लागत नव्हतं, तेवढंच बरं झालं. आईने बाकावरची जागा बदलली आणि कान त्या फटीकडे लावून बसली. आत कोर्टाच्या समुपदेशक बाई होत्या आणि तिची आठ वर्षांची लेक, भिंगरी. घरात तिला खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. आज भिंगरी आत काय बोलते, त्यावर ती कुणाकडे राहणार ते ठरायचं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला भिंगरीचे बाबा बसले होते. मधल्या जागेत दोघांनी आपापल्या पिशव्या ठेवल्या होत्या.

वकिलांनी आधीच बजावलं होतं, की या बाई मूल जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घेतात, पदरचं एक अक्षर घालत नाहीत. ते ऐकल्यापासून आईने धास्तीच घेतली होती. कारण भिंगरीच्या तोंडी उठता-बसता एकच शब्द. हेट. दुधावरची साय, आय हेट. लोकरीचे मोजे, आय हेट. सातचा पाढा तर त्याच्याही वर, डिस्गस्टिंग. शाळेतली सगळीच कार्टी तसं बोलतात, त्यात ही काय वेगळी! वेणी घालताना गुंता ओढला गेला की 'आय हेट यू, आई', आणि रबर लावून होतंय न होतंय तोच ही बया आईच्या मांडीवर रेलून गाणं म्हणायला मोकळी. घरात त्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. पण तोच सरकारी कागदावर निळ्या शाईत उमटला म्हणजे?

म्हणून आईने आठवडाभर तालीम घेतली होती. शब्द निघाला की ती डोळे मोठे करायची. पहिले दोन दिवस भिंगरीला तो खेळ वाटला. तिसऱ्या दिवसापासून ती वाक्य अर्धवट सोडून आधी आईच्या तोंडाकडे बघू लागली. आज सकाळी बसमध्ये आईने शेवटची मात्रा दिली. तिथे तो शब्द तोंडातून गेला, तर मग तुला माझ्याकडे राहता येणार नाही, कळलं? भिंगरीने मान डोलावली आणि उरलेली वाट खिडकीबाहेर बघत राहिली. आईला वाटलं, चला, लेक शहाणी झाली.

बाईंचा आवाज गोड होता. शाळेतली मैत्रीण कोण, म्हणून त्यांनी विचारलं. आईने कान फटीच्या आणखी जवळ नेला. उत्तर आलं नाही, नुसती खुर्ची करकरली. मग बाईंनी विचारलं, जेवताना काय अजिबात आवडत नाही? आता निघणार साय, आणि सायीबरोबर तो शब्द. पण काहीच निघालं नाही. घरी कुणी रागावतं का, या प्रश्नालाही नाही.

"तिला बरं नाहीये का?" बाबांनी हळूच विचारलं. "एवढी गप्प ती झोपेतसुद्धा नसते."

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. एरवी दोघांचं कशावर म्हणून एकमत होत नसे, पण हे मात्र त्यांचं खरं होतं.

आत बाई विचारत होत्या, आईकडे राहायला आवडतं का? किती सोपा प्रश्न! एक 'हो' म्हटलं की झालं. आईने फटीतून डोकावलं. भिंगरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती आणि तिने ओठ घट्ट मिटले होते. तेव्हा आईला खरी भीती वाटली. इतका वेळ वाटत होती ती काहीच नव्हती. हे आपणच केलंय. कुठला शब्द चालतो आणि कुठला नाही, याचा पोरीला अंदाजच राहिला नाही, म्हणून तिने सगळेच गिळून टाकलेत. बोल गं बाई, आई मनातल्या मनात विनवत होती. काहीही बोल. आय हेट यू म्हण, दहादा म्हण, पण तोंड उघड.

आत कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. जे बोललंच गेलं नाही ते या बाई कसं उतरवून घेत असतील, ते आईला कळेना.

दार उघडलं. बाईंनी पॅड छातीशी धरलं होतं. मघाचा गोडवा आता आवाजात नव्हता.

"ताई, राग मानू नका, पण विचारायला हवं. मुलगी तुम्हाला फार घाबरते का?"

खरं सांगावं, तर शिकवून आणलं असं ठरणार. न सांगावं, तर पोरीचं ते मिटलेलं तोंड सगळं सांगून गेलेलं. घाबरत होते ती मी हो, पोर नव्हे, असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं. बाबाही उठून उभे राहिले होते.

तेवढ्यात बाईंच्या बगलेखालून भिंगरी बाहेर आली आणि धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली. तिचा चेहरा घामेजला होता, पण डोळे मात्र पेपर सोपा गेल्यासारखे चमकत होते. आवाज लहान करायचं काही तिला सुचलं नाही.

"आई, मी एक शब्दसुद्धा बोलले नाही. आता मला तुझ्याकडे राहू देशील ना?"