तिसरी चव

डब्याच्या तळाशी चिकटलेला लाल मसाला मैथिलीनं बोटानं निपटून काढला आणि जिभेवर ठेवला. काकाची कोरियन बायको, सुजिनकाकू, पोटुशी होती. गेले काही दिवस तिला घासही जात नव्हता. डोहाळे लागले होते ते फक्त माहेरच्या या चटणीचे, आणि डबा तर संपलेला.

"सावकाश. काय काय लागतंय?" आजोबांनी विचारलं.

"तिखट. पण जाळत नाही."

"म्हणजे बेडगी मिरची. पुढं?"

"गोड. गूळ चालेल. पण शेवटी काहीतरी आंबूस लागतं, आजोबा. शिळं नाही, मुरलेलं."

आजोबांनी दही पुढं केलं. मग चिंच, आमसूल, लोणच्याचा खार. मैथिली एकेक चाटून मान हलवत राहिली.

"चाटूनच पोट भरेल हिचं!" आजी हसली.

हात धुवायला मैथिली परसात गेली आणि थबकली. कुरडयांसाठी आंबवलेल्या गव्हाचा चीक पातेल्यात निवळत होता. वास अगदी तोच!

"आजी, यातला वाटीभर दे ना!"

चीक, बेडगीचं तिखट आणि गूळ आजोबांनी मंद आचेवर शिजवून घट्ट केलं. काकूनं चमच्याच्या टोकानं चाखलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे ते नाही," ती म्हणाली.

मैथिलीचा चेहरा पडला.

"मग कसं लागतंय?" आजोबांनी विचारलं.

काकूनं वाटी जवळ ओढली.

"अजून कळलं नाही. थोडा भात वाढ गं."