टेकडीची दवंडी

निजामाच्या मुलखात, भीमपुराकडच्या एका गावात कोतवाल धोंडीबा दवंडी द्यायचा, ती टेकडीकडे तोंड करून. टेकडी तेच शब्द परत म्हणायची, म्हणजे शेतातल्या माणसांनाही आपसूक ऐकू जायचं.

अठ्ठेचाळीस साली त्यानं डफडं बडवून सांगितलं, "ऐका हो ऐका! सतरा सप्टेंबरले निजामानं हत्यार टाकलं, आपुन हिंदुस्थानात आलो!"

टेकडी त्याच्याच आवाजात म्हणाली, "एक नोव्हेंबरपासून आपलं गाव आंध्रात!"

पांडुरंगराव पाटलांनी धोंडीबाच्या तोंडाचा वास घेतला. शिंदीचा निघाला आणि प्रकरण तिथंच मिटलं.

आठ वर्षांनी, एकतीस ऑक्टोबरच्या सकाळी, पाटलांनी धोंडीबाला नेमकी तीच दवंडी द्यायला लावली. "उद्या, एक नोव्हेंबरपासून, आपलं गाव आंध्रात!" या खेपेला धोंडीबाकडे कोणी बघतच नव्हतं. सगळं गाव टेकडीकडे कान लावून उभं होतं.

"दोन जूनपासून आपलं गाव तेलंगणात!" टेकडी म्हणाली.

"अबे, साल इचार तिले!" पाटील ओरडले. "दर खेपेले साल खाऊन टाकते!"

"कोन्तं साल वं माय?" धोंडीबानं हात जोडून विचारलं.

लोक हसत पांगू लागले. धोंडीबानं डफडं खाली ठेवलं आणि काड्या कमरेला खोचल्या.

तेवढ्यात टेकडीवर डफडं वाजलं.

"ऐका हो ऐका! उद्यापासून गावाले नवा कोतवाल!"

पाटलांनी घाईघाईनं धोंडीबाच्या तोंडाचा वास घेतला. शिंदीचा वास नव्हता. आणि टेकडीवरचा आवाजही या खेपेला धोंडीबाचा नव्हता.