भावोजींच्या वजनाचं शीड

"समुद्र माणसं ओळखत नाही, तो फक्त गुणोत्तरं ओळखतो!" असं मोरेश्वर चेऊलकरांनी किनाऱ्यावर उभं राहून जाहीर केलं, आणि पाठोपाठ आलेली लाट त्यांची डावी चप्पल घेऊन गेली.

चपलेकडे बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांची नजर सारखी रस्त्याकडे जात होती. त्यांनी स्वतः बांधलेली शिडाची होडी दिवाळीनंतरच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरायची होती. वजनाच्या मानाने शीड मोठं, म्हणून वेग दांडगा. पण वारा भरला की होडी कलणार. ती सरळ राहावी म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या काठावर धाकट्या बहिणीचे, कुंदाचे, यजमान बसायचे होते. सगळं गणित भावोजींच्या एकशे दहा किलोंवर बेतलेलं होतं.

रिक्षातून भावोजी उतरले. तरी मोरेश्वर रिक्षात वाकून भावोजींना शोधत राहिले.

"तीस किलो उतरलो, दादा!" भावोजी म्हणाले. "कुंदाने सहा महिने दुधीच्या रसावर ठेवलंय."

मोरेश्वर वाळूत येरझारा घालू लागले. शीड लहान करावं तर होडी शेवटची येणार, न करावं तर पालथी होणार.

"भावोजी," ते अखेर थांबून म्हणाले, "दिवाळीत चकल्या, करंज्या, काही म्हणजे काही सोडायचं नाही. होडीची अब्रू आता तुमच्या पोटात आहे."

भावोजींचे डोळे भरून आले. "होडीसाठी वाट्टेल ते खाईन, दादा. फक्त तुमच्या बहिणीला तेवढं तुम्हीच फोन करून सांगाल का?"