फेसाचं माप

नोझिगुलचं हल्ली एक नवीनच निघालं होतं. बादली घेऊन सगळ्यांच्या मागून यायचं, छातीएवढ्या उंचीवरून दूध ओतायचं आणि फेस उभा आहे तोवरच म्हणायचं, "घ्या माप, आपा, घाईत आहे." आपल्याकडे दूध यायच्या दिवशी मात्र बाई मांडी ठोकून बसायची. फेस बसल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं माप घ्यायची नाही.

झरफशानकाठच्या त्या वस्तीत सात घरं. एकेका घरच्या दुधात रवीचं बूडसुद्धा भिजायचं नाही. म्हणून रोज साऱ्यांचं दूध एका घरी, पाळीपाळीनं. कुणी किती आणलं त्याची खूण वाळुंजाच्या काडीवर, आणि तिची पाळी आली की तेवढंच तिला परत. सगळ्याजणी जिला आपा म्हणायच्या त्या आशुरमोच्या सासूपासूनची ही रीत. काड्या आता आशुरमोच्या हातात होत्या; माप मात्र जिची पाळी तिनं घ्यायचं.

आज पाळी आशुरमोची, उद्या नोझिगुलची. शुक्रवारी नोझिगुलच्या मुलीचं लग्न होतं आणि फतीरच्या रोट्यांना लावायला घरात थेंबभर तूप नव्हतं.

नोझिगुलनं दूध ओतलं. फेस भांड्याच्या काठाला टेकला.

"घ्या माप, आपा."

आशुरमोनं काडी मांडीवर आडवी ठेवली. "बस."

"घरी पाहुणे आलेत, आपा."

"पाहुणे तुझे. दूध माझं. बस."

उठायला निघालेल्या बाकीच्या पाचजणीही परत टेकल्या. फेस बारीक चरचरत खाली गेला. भांड्याच्या आतून एक पांढरी कड तेवढी राहिली. आशुरमोनं काडी बुडवून पाहिली. दूध त्या कडेच्या चार बोटं खाली.

"चार बोटं कुठं गेली गं?"

नोझिगुल कानापर्यंत लाल झाली. "फेससुद्धा माझ्याच गाईचा आहे! आणि एवढं डोळ्यांत खुपत असेल तर नको मला तुमची पाळी. पुलावर गाडीवाला येतो, त्याला रोजच्या रोज विकीन."

"वीक की. लोटाभर दूध घेऊन उभी राहा पुलावर. त्यातनं शुक्रवारपर्यंत तूप निघालं तर मलाही बोटभर चाटव."

कुणीतरी रुमालाआड फिसकलं. नोझिगुलनं रिकामी बादली उचलली, पण दारापाशी तिचे पाय अडले.

"म्हणजे उद्या... माझ्याकडे कुणी येणार नाही?"

आशुरमोनं काडी ओढणीला पुसली आणि तिच्या हातात ठेवली.

"न यायला काय झालं? सहाच्या सहा घरं येतील. बादल्या छातीपर्यंत उचलून ओतू. तू तेवढं लगेच माप घे, बाई. आम्ही सगळ्या घाईत असू."