हानोकचा प्रश्न

हानोक तळकरचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि कायतान मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चांगलं दोन पानी होतं. इस्रायलमधल्या अश्दोदचा उन्हाळा, गुडघ्यांचं दुखणं, तिथल्या बांगड्याला चोपड्याच्या बांगड्याची चव नाही ही तक्रार, आणि शेवटी एकच प्रश्न. ‘त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर मला जे बोलले, ते तुला ऐकू आलं होतं का? तू वाचत होतास, म्हणून विचारतो.’

उत्तराचे किती कागद मास्तरांनी फाडले, याला गणती नव्हती. पत्र त्यांनी बायबलात ठेवलं होतं आणि आज तेच बायबल नातीच्या, एल्विनाच्या मांडीवर होतं.

चर्चमधल्या रविवारच्या वर्गात बाईंनी बायबलातला एखादा सण करून बघायला सांगितला होता. एल्विनाने यहुद्यांचा मांडवांचा सण निवडला. मिसरातून सुटलेली माणसं चाळीस वर्षं रानात राहिली, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात राहायचं. शेजारच्या सगुणने अंगणात चार बांबू रोवून दिले आणि वर माडाच्या चुडत्या अशा दाट बसवल्या, की आषाढातही थेंब आत आला नसता.

“सगुणमामा, आतून चांदण्या दिसायला हव्यात. नाहीतर तो मांडवच नव्हे.”

“चांदण्यो दिसतल्यो थंयसून पावसय येतलो गो. तुझो शपाय भिजलो जाल्यार?” असं म्हणत सगुणने घातलेल्या चुडत्या एकेक करून उपसल्या. वरून फळं टांगायची आहेत म्हटल्यावर तो घरी गेला आणि चवथीला गणपतीवर फळा-पानांनी भरून बांधलेली माटोळीची लाकडी चौकट खांद्यावर घालून आला. तवशी, तोरिंजण, सुपारीचे घोस. बांधता बांधता तो म्हणाला, “मास्तर, यहुदी आमच्या पेडण्यातलेच मरे!”

“शपाय, येशू करायचा हा सण?” एल्विनाने आजोबांना विचारलं.

मास्तरांनी योहानाचा सातवा अध्याय काढून दिला. येशू या सणाला आधी कुणाला न सांगता, गुपचूप गेला. शेवटच्या दिवशी मात्र उभा राहिला आणि मोठ्याने बोलला.

“म्हणजे आधी लाजला?”

“तसंच काहीसं,” मास्तर म्हणाले.

तेवढ्यात म्हापशाहून व्याही आले. मास्तरांची सून फेलिसिया, तिचे वडील बोस्त्यांव. हातात पावांची पिशवी. त्यांनी मांडव पाहिला, नातीने उत्साहाने सांगितलेलं सगळं ऐकलं आणि पिशवी तिच्या हातात दिलीच नाही.

“ज्यांनी आमच्या देवाला खुरसावर मारलं, त्यांचा सण? आमच्या दारात?” ते म्हणाले. “त्या जातीचं रक्तच तसलं. फेलिसिया, काढ ते सगळं.”

शब्दसुद्धा तेच. हेडमास्तर तेव्हा हसत बोलले होते, एवढाच फरक. मास्तरांची मान सवयीने खाली गेली. त्यांनी नातीच्या मांडीवरचं बायबल उचललं, चष्मा सारखा केला आणि अक्षरांकडे बघत राहिले. व्याही माणूस. घरी आलेला. वाद कशाला? फेलिसियाने स्टूल ओढलं आणि पहिल्या तवशाची सुतळी सोडायला घेतली.

एल्विना आजोबांच्या जवळ येऊन उभी राहिली. “शपाय,” ती हळूच म्हणाली, “म्हापशाचे शपाय काय म्हणाले, तू ऐकलंस मरे?”

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

“फेलिसिया, खाली उतर!”

हा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता. सगुणच्या हातातला कोयता खाली आला.

“व्याही, हानोक तळकर कोण, तुम्हाला माहीत आहे? रेवदंड्याचा यहुदी. पेडण्याच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं त्याने. या एल्विनाच्या बापाला शिकवलं. त्याने कुणाला मारलं? सांगा ना! माझी बायको गेली तेव्हा शवपेटीला माझ्या बाजूने खांदा होता तो त्याचा. कुणाला मारलं त्याने?” त्यांचे शब्द थांबत नव्हते. “आणि मारिया सायबीण कोण होती? म्हापशाची? तिच्या मुलाने केलेला सण आहे हा. माझ्या दारात राहील. सात दिवस राहील!”

“मास्तर,” बोस्त्यांव सावकाश म्हणाले, “माझ्याशी या आवाजात?”

“हा आवाज पंचवीस वर्षं उशिरा निघाला. तेव्हा निघाला असता, तर आज तुमच्यावर निघाला नसता.”

बोस्त्यांवनी पावांची पिशवी पायरीवर ठेवली आणि ते चहा न घेता गेले. फेलिसिया बापाच्या पाठीकडे बघत राहिली. मग पुन्हा स्टुलावर चढली आणि सुटलेली सुतळी तिने दोन गाठी मारून बांधली.

संध्याकाळी सगळे मांडवात बसले. पावसाची एक सर आली आणि मास्तर भिजले. सगुणने नुसतं वर चुडत्यांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पेडण्याच्या पोस्टात उभे होते. पाकिटावर तिकिटं लावून झाली होती. हानोक त्या पत्त्यावर असेल की नाही, मुळात असेल की नाही, कोण जाणे. आतल्या कागदावर ना तब्येतीची चौकशी होती, ना सबब. दोनच शब्द होते. ‘ऐकलं होतं.’

त्यांनी पाकीट पेटीत सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला पडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.