हातावरचा गोल

दुपारी चार वाजता मुलांच्या वॉर्डात सहा खाटांवर सहा मुलं होती. पाच जणांपुढे दुधाचे कप होते. सहाव्या खाटेवरच्या खुशबूपुढे भाताची पेज होती, कारण तिच्या केसपेपरवर प्रतिक्षा सिस्टरने लाल शाईने लिहिलं होतं: दूध नाही. स्वयंपाकघरातही तिने ते स्वतः जाऊन सांगितलं होतं.

पाच वर्षांच्या खुशबूचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी नीट पार पडलं होतं. दुधाने हिचं तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात, हे तिची आई मोनिका हिने भरती होतानाच सांगितलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याप्रमाणे प्रत्येक औषध तपासून घेतलं होतं. प्रतिक्षाच्या लेखी काही राहिलं नव्हतं.

खुशबूला पेज नको होती. शेजारच्या खाटेवरच्या झोपलेल्या नातवाजवळ बसून राधाबाई मोनिकाला चिडवत होती, बाप आसगावच्या डेअरीत दिवसभर दूध मोजते, अन् पोरीच्या नशिबात पेज. मोनिका हसली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सलाईन बदलताना प्रतिक्षाच्या कानावर हे पडत होतं. थांबून ऐकावं असं त्यात काही नव्हतं.

मग मोनिकाने हाक मारली. आवाजात आनंद होता.

"सिस्टर, खुशबू दूध पेली. पहिल्यांदाच पेल्यावर काहीच नाही झालं, पाहा ना."

प्रतिक्षा वळली. खुशबूचे ओठ जाड व्हायला लागले होते. ती गळ्याला हात लावून खोकत होती.

अ‍ॅलर्जीवरचं पहिलं इंजेक्शन दोन मिनिटांच्या आत मांडीत गेलं. दुसरं पाच मिनिटांनी. डॉक्टर धावत आले, पण गळा इतका सुजला होता की श्वासाची नळी आत जाईना. गळ्याला छेद देऊनही छाती हलली नाही. पावणेपाचला डॉक्टरांनी छातीवरचे हात काढले.

मोनिका रडत नव्हती. ती प्रतिक्षाकडे पाहत होती.

"काल तुम्हीच त टेस्ट केली होती ना, सिस्टर? हातावर सुई टोचली, पेनानं गोल काढला. अर्ध्या तासानं पाहून तुम्हीच म्हटलं, काही नाही निघालं, चांगली आहे. मले वाटलं, आता दूध चालते."

ती टेस्ट अँटिबायोटिकच्या इंजेक्शनची होती. ऑपरेशनच्या प्रत्येक मुलाची ती होते. कशाची टेस्ट, हे प्रतिक्षाने सांगितलं नव्हतं. वॉर्डात ते कोणीच कधी सांगत नाही.

डॉक्टरांनी केसपेपर ओढला आणि मुलीच्या पोटात किती दूध गेलं ते विचारलं. राधाबाईने पदराआडून कप पुढे केला. नातवाने त्याला तोंडही लावलं नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

कप दीडशे मिलिलिटरचा, काठोकाठ भरून आलेला. प्रतिक्षाने उरलेलं दूध सिरिंजने मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

एकशे अडतीस.

खुशबूच्या केसपेपरवर तिने लिहिलं: दूध, बारा मिलिलिटर.