बिनखिडकीची खोली

घराच्या कोपऱ्यातली ती बिनखिडकीची खोली. ड्रायर फिरू लागला की त्याच्या पाइपातली ओली वाफ तिथंच घुटमळायची, भिंतींना घाम फुटायचा, आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता तिला खोकल्याची उबळ यायची.

मिस्त्री म्हणाला, "ताई, वाफ घराबाहेर गेली पाहिजे. भिंतीला वीतभर भोक पाडतो, दोन तासांचं काम."

"भोक? नवाकोरा रंग दिलाय!" नवऱ्यानं मोबाइलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "बादलीत पाणी भर आणि पाइपाचं तोंड त्यात सोड. विरेल वाफ. आणि तू जरा गरम पाणी पीत जा."

"बरं," ती म्हणाली. बरं म्हणायलाही तिला दम लागत होता.

दोन वर्षं ती बादली भरत राहिली, त्याच्या शर्टांच्या घड्या घालत राहिली, खोकत राहिली. परवा शेजारच्या खोलीतल्या कपाटात त्याच्या ठेवणीतल्या कोटावर बुरशीचा एवढासा ठिपका दिसला, आणि काल सकाळीच मिस्त्री दारात हजर झाला.



"लवकर फोडा हो ती भिंत," नवरा त्याला कळवळून सांगत होता, "असल्या हवेत बिचारा कोट जगायचा कसा?"